डॉक्टरांचा काळा दात

दातांच्या डॉक्टरचा स्वतःचाच पुढचा दात काळा असेल, तर तुम्ही त्याच्या खुर्चीत बसाल? मी तर दारातूनच परत फिरले असते. पण कर्जतला एस.टी. स्टँडच्या मागे, खताच्या दुकानाच्या वर जो दवाखाना होता, तिथे लोक बसायचे, आणि तो दात बघूनच बसायचे. नवा पेशंट आला की सर आधी हसायचे. म्हणजे अगदी मुद्दाम, ओठ वर ओढून, फोटोवाल्यानं सांगितल्यासारखे. डाव्या सुळ्याशेजारच्या दाताला हिरडीलगत एक काळाभोर डाग होता, तान्ह्या बाळाला काजळाची तीट लावतात तेवढा. तो नीट दाखवून झाला की मग म्हणायचे, "हं, आता तुमचं तोंड उघडा."

मी त्यांच्या हाताखाली पाच वर्षं काढली. पहिली दोन वर्षं हा दात ठीक होता. तो काळा कसा झाला ते मला सांगायचंय, पण हा माणूस सरळ रेषेत सांगता येण्यासारखा नाही. आता दवाखाना बंद आहे, सर त्यांच्या गावी थोरल्या भावाजवळ राहतात, आणि त्यांच्या बाटल्यांचं फडताळ माझ्या नगरच्या घरात आहे. नवरा रोज विचारतो, लोकांचे उपटलेले दात घरात किती दिवस ठेवायचे. मी रोज म्हणते, बघू.

पुण्याहून डिग्री घेऊन मी आले तेव्हा रूट कॅनाल करीन, कॅपा बसवीन, हात साफ होईल अशी आशा होती. पहिल्या दिवशी सरांनी मला कामाला लावलं ते असं: "मॅडम, बाजारात कासारणीचं दुकान आहे. दोन बाटल्या नेलपॉलिश आणा. लाल."

कासारणीनं माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "दवाखान्यात नव्या का तुमी? डाक्टर एकलेच ऱ्हात्यात, अन् दर म्हैन्याला नखपालिश लागतं. मी इचारत न्हाई. तुमी बी इचारू नगा."

मी विचारलंच. सरांनी उत्तर देण्याऐवजी फडताळ उघडलं. आत गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्या, ओळीनं, आणि प्रत्येकीत एकेक उपटलेला दात. प्रत्येक दात लाल रंगवलेला, फक्त मध्ये डाळीच्या दाण्याएवढी खिडकी सोडलेली. हे दात उसाच्या रसात बुडवून ठेवायचे. रंगाखालचा भाग शाबूत राहतो, खिडकीतला खडूसारखा पांढरा आणि भुसभुशीत होतो. मग त्या खिडकीवर फ्लोराइड लावायचं, आज असं, उद्या तसं, कधी वाळवून, कधी ओल्यावर, कधी दोनदा, आणि बघायचं की तो खडू पुन्हा टणक होतो का. रस कोपऱ्यावरच्या रसवंतीतून यायचा, आलं-लिंबू-बर्फाशिवाय. रसवंतीवाल्याची पक्की समजूत होती की डॉक्टरांचा काहीतरी नवस आहे.

बाटल्यांवर चिठ्ठ्या होत्या. त्यांवर पेशंटचं नाव नसायचं. गाव असायचं, आणि खाली बोअर, विहीर किंवा टँकर. कोणत्या पाण्यावर वाढलेला दात आहे, हे सरांना माणसाच्या नावापेक्षा महत्त्वाचं वाटे. रस्त्यात भेटलेल्या माणसाला ते नावानं ओळखत नसत, पण त्यानं हसून नमस्कार केला की पुटपुटत, "टँकर."

"दात मेलेला नसतो, मॅडम. उपाशी असतो," हे त्यांचं वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकलं असेल. आपण कीड म्हणतो, पण त्यात किडा नसतो. गोड खाल्लं की तोंडात आंबट तयार होतं, त्या आंबटात दातातले क्षार विरघळून जातात. लाळ ते परत भरत असते, आणि फ्लोराइड असलं की भरण पक्कं होतं. हे मी कॉलेजात घोकलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं आणि विसरले होते. सर ते विसरायला तयार नव्हते. किडका दात दिसला की माझा हात ड्रिलकडे जाई, त्यांचा कापसाकडे. "घाई असेल तर ड्रिल घ्या. मला घाई नाही." आणि मग पेशंटला सोडून दाताशी बोलत: "काय हो, किती दिवस उपाशी?" पेशंट बिचारा आ वासलेल्या अवस्थेत आपल्यालाच विचारलं समजून उत्तर द्यायची धडपड करी.

त्यांचे स्वतःचे दात म्हणजे एक प्रकरणच होतं. कॉफी सांडलेल्या कपड्यासारखे तपकिरी डागांचे. त्यांच्या गावच्या विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड जरुरीपेक्षा फार होतं. हॉस्टेलला मुलं चिडवायची म्हणून ते तोंडावर हात ठेवून हसायला शिकले होते. पण कॉलेजात एकमेकांचे दात तपासायची वेळ आली तेव्हा वर्गात एकट्या त्यांच्या तोंडात एकही कीड निघाली नाही. तेव्हापासून त्यांना हे वेड लागलं.

मी एकदा उत्साहात म्हटलं, "मग तुमच्या गावचं पाणी म्हणजे वरदानच की, सर."

सर त्या रविवारी मला गावी घेऊन गेले. ओट्यावर त्यांचे थोरले भाऊ बसले होते. त्यांना मान वळवता येत नव्हती, म्हणून माझ्याकडे बघायला ते सगळे अंगासकट वळले. दातांना मानवलेलं तेच फ्लोराइड त्यांच्या हाडांत साचलं होतं. परतीच्या वाटेवर सर इतकंच म्हणाले, "थेंब मोजायचा असतो, मॅडम." यानंतर ते औषधाचा थेंब काचेवर टाकून, वाकून, डोळा बारीक करून का बघतात, याची मी थट्टा केली नाही.

आणखी एक खोड सांगायला हवी, कारण पुढे तिचंच काम आहे. दात बरा झाला की नाही, हे सर कानानं ठरवायचे. बोथट टोकाची सळई, आमच्या भाषेत प्रोब, किडलेल्या जागी हलकेच टेकवायची आणि डोळे मिटायचे. मऊ जागा गप्प राहते. टणक झालेली जागा वाजते: टक्. तो आवाज आला की ते पेशंटच्या नातेवाइकांना, मला, एकदा तर वीजबिल द्यायला आलेल्या माणसाला जवळ बोलावून पुन्हा वाजवून दाखवायचे. "ऐकलंत?" आपण हो म्हणेपर्यंत सुटका नसे.

फ्लोराइडचा हात दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. शहरातले पेशंटसुद्धा हे पाळत नाहीत. पण आमच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू गावांतली माणसं ऊसतोडीला दसऱ्यानंतर निघतात आणि आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास परत येतात. सरांना हा योग सापडला तेव्हा त्यांना गुप्तधन सापडल्यासारखं झालं होतं म्हणे. टोळ्या निघण्याआधी एक शिबिर, परतल्यावर दुसरं. "साखर कारखान्यांनी आपलं वेळापत्रक छापून दिलंय बघा!" त्या लेकरांना ब्रश नसे, आणि खायला हाताशी ऊसच ऊस. सरांच्या दृष्टीनं खरी परीक्षा तिथेच होती.

माझ्या दुसऱ्या वर्षी आमच्याकडे नवं औषध आलं, चांदी आणि फ्लोराइड एकत्र असलेलं. चांदी जंतू मारते, फ्लोराइड दात टणक करतं. एकच गोष्ट वाईट: किडलेली जागा कायमची काळी पडते. सरांनी उन्हाळाभर त्या काळ्या रंगाशी झुंज घेतली. वर हे लावून बघ, ते लावून बघ. फडताळातले दात एक तर पांढरे राहायचे आणि मऊ, नाहीतर काळे पडायचे आणि टणक. शेवटी शेवटी तर आम्हा दोघांची नजरच बदलली. बाटलीत काळा डाग दिसला की आम्हाला आनंद व्हायचा. सर एकेका दाताला "वा, काय काळा झालाय!" म्हणायचे, जशी काही कुणाची गोरी सून बघताहेत.

दसऱ्याआधीच्या शिबिरात, जामखेडच्या वाटेवरच्या एका गावच्या शाळेच्या पडवीत, मंदा आपल्या पूनमला घेऊन आली. पूनम आठ वर्षांची, खालची उजवी दाढ किडलेली. मंदाला घाई होती. उद्या सकाळी टोळीचा ट्रक निघणार होता.

"उपटूनच टाका, डाक्टर. फडात दुखाया लागलं तर मी काय करू? लेकरू रडत बसलं की माझा कोयता थांबतो. दुधाचीच हाय, दुसरी यील."

"ताई, ही दुधाची नाही. सहाव्या वर्षी येते ती, शेवटपर्यंतची. ही गेली की दुसरी नाही."

मंदा दचकली. तिनं पूनमचं तोंड पुन्हा स्वतः उघडून पाहिलं, जणू आपल्याला कुणी फसवलं होतं. मग म्हणाली, "मंग वाचवा. पन दुखली न्हाई पायजे."

सरांनी इतक्या मनापासून काम केलेलं मी क्वचित पाहिलं. कापसानं दाढ कोरडी केली, काचेवर थेंब मोजला, घड्याळ लावून औषध धरून ठेवलं, वरून फ्लोराइडचा लेप दिला. बाकीच्या तीन दाढांना नुसता लेप. "ताई, दुखणार नाही," असं छातीठोक सांगितलं. पूनमनं पडवीत उड्या मारल्या, मंदा तिला घेऊन बोचकी बांधायला गेली, आणि मागून पुढचं लेकरू खुर्चीत चढलं.

ती दाढ दोन दिवसांत काळी पडणार आहे, हे तिला कुणी सांगितलंच नाही. मला वाटलं सरांनी सांगितलं. सरांना वाटलं मी सांगितलं. कॉलेजात या औषधाबद्दल पहिलं वाक्य शिकवतात ते हेच, की आधी आईबापांना रंगाचं सांगा. मला पाठ होतं. पण सहा महिने काळ्या दातांत राहून आम्हाला तो रंग सांगण्यासारखा वाटेनासा झाला होता. बाकीच्या मुलांचे दुधाचे दात होते, ते काळे पडले तरी पडणारच आहेत म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

तो हंगामभर सर त्या दाढेबद्दल बोलत होते. "दुखली असती तर फोन आला असता. नाही आला. म्हणजे वाजत असणार." आखितीनंतर आम्ही त्याच पडवीत गेलो. मंदा आली, सोबत तिची सासू होती, आणि पूनम आईच्या मागे लपत होती. मंदानं पदराची गाठ सोडली आणि कागदाची पुडी सरांपुढे धरली.

"बगा डाक्टर, किती सडली हुती ती. बरं झालं मी टायमावर बगितलं."

पुडीत पूनमची दाढ होती. श्रीरामपूरकडच्या फडावर असताना बाजारच्या दिवशी दात उपटणाऱ्या कुणा माणसाकडून तिनं काढून घेतली होती.

"दुखत होती का?" सरांनी विचारलं.

"न्हाई ना! दुखत न्हवती, त्येचंच भ्या वाटलं. आधी दुखायची, मंग काळी पडली अन् दुखायची थांबली. मेलेलं दुखत न्हाई. चाळीतला एक कांदा सडला की काडून टाकावा लागतो, न्हाईतर समदी चाळ जाती. तुमीच म्हनला हुता, ह्या शेवटपर्यंतच्या दाढा हायत. म्हनून बाकीच्या वाचवल्या."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. बाकीच्याही शेवटपर्यंतच्या आहेत हे तिनं मनावर घेतलं नसतं, काळी पडलेली तशीच सोडून दिली असती, तर दाढ वाचली असती. तिनं ऐकलं, विश्वास ठेवला, म्हणून गेली.

सरांनी दाढ डाव्या तळहातावर घेतली. उजव्या हातानं प्रोब उचलला, काळ्या जागेवर टेकवला आणि डोळे मिटले.

टक्.

पुन्हा. टक्.

ते गप्प बसले असते तर मंदाला आयुष्यात काही कळलं नसतं. ती समाधानानं घरी गेली असती. मी मनातल्या मनात म्हणत होते, बसा गप्प, सर, तिच्यासाठी तरी. पण ते गप्प बसणाऱ्यातले नव्हते.

"ताई, ही सडलेली नव्हती. बरी झालेली होती. या औषधानं बरा झालेला दात काळा पडतो. ते तुम्हाला आधी सांगायचं होतं, मी सांगितलं नाही. चूक माझी आहे. तुमची नाही."

मंदानं त्या दाढेकडे बोट केलं. "चांगली हुती?"

"हो."

"मंग," तिनं पूनमला पुढे ओढलं, "आता परत बसवा की."

सरांनी मान हलवली. "बसत नाही, ताई. मागून अजून एक दाढ येईल, ती थोडी पुढे सरकेल. तेवढंच."

तिनं काही आरडाओरडा केला नाही. तो केला असता तर बरं झालं असतं. पूनमच्या खांद्यावर हात ठेवून ती वळली आणि जाता जाता म्हणाली, "बाकीच्याला आता हात लावू नगा."

सासू मात्र तिथेच उंबऱ्यावर बसून होती. पदर सारखा करत म्हणाली, "डाक्टर, माझी सासू दातवन लावायची. दात काळं कुळकुळीत. काळं दात म्हंजी सवाशिनीचं लेनं हुतं तवा. तुमी ह्येला दातवन म्हनला असता तर कुनी उपटलं नसतं." आणि गुडघ्यावर हात टेकून तीही उठून गेली.

त्या दाढेला सरांनी लाल रंग लावला नाही. नुसती बाटलीत ठेवली. चिठ्ठीवर गाव, टँकर, आणि त्याखाली बारीक अक्षरात: बरी झालेली. माझ्या चुकीनं गेली. मी म्हटलं, "आपल्या चुकीनं, सर." ते म्हणाले, "तुमची वेगळी चिठ्ठी लिहा."

त्यानंतर काही दिवस फडताळ बंदच होतं. कासारणीनंही मला विचारलं, डाक्टर आजारी हायत का. मग एका सकाळी मी सरांचे दात साफ करत असताना मला त्यांच्या सुळ्याशेजारच्या दातापाशी, वयानं हिरडी वर सरकली होती तिथे, मुळावर मऊ जागा लागली. मी घाबरत सांगितलं. ते ताडकन उठून बसले.

"कीड? मला?"

"थोडीशीच आहे, सर. पांढरं सिमेंट भरून टाकते, दहा मिनिटांत."

"पांढरं नाही. काळं लावा." त्यांचा चेहरा असा उजळला होता की जणू मुलीचं लग्न ठरलंय. "आरसा आणा. हसल्यावर दिसतो का बघू द्या."

दिसत होता. मग ते दर शिबिरात औषधाची बाटली उघडण्याआधी उभे राहून हसू लागले. "हे दातवण आहे, ताई. काळा होणार. काळा म्हणजे बरा. हा बघा माझा." मी एकदा कुरकुरले की दातवण हे काही शास्त्रीय नाव नाही. ते म्हणाले, "शास्त्रीय नाव कंपनीला सांगा. आईला दातवण सांगा." आयांना ते पटायचं. एक-दोघी तोंडाला पदर लावून हसायच्या, पण दाखवलेला दात निरखून बघायच्या आणि लेकराला पुढे करायच्या. उन्हाळाभर रसात दात बुडवून जे जमलं नव्हतं, ते असं जमलं.

फक्त मंदा आली नाही. दसरा गेला, आखिती गेली, पुन्हा दसरा, पुन्हा आखिती. दर वेळी सामान आवरताना सर विचारायचे, "त्या ताई आल्या नाहीत ना?" मी नाही म्हणायचे, आणि ते उरलेला कापूस उगाच पुन्हा पुन्हा घडी करत बसायचे. गाडीत एकदा म्हणाले, "तिला मी खरं सांगितलं, ते तिच्यासाठी की माझ्यासाठी, कळत नाही."

पाचव्या वर्षी, दसऱ्याच्या चार दिवस आधी, पडवीत रांग लागलेली असताना ती दिसली. पूनम आता उंच झाली होती. मंदाच्या कडेला एक मुलगा, सहा-सात वर्षांचा, गाल धरून. ती रांगेत उभी राहिली नाही. सरळ पुढे आली, आणि रांगेतल्या बायकाही काही बोलल्या नाहीत.

"ह्येची तीच दाढ हाय. शेवटपर्यंतची."

सरांनी मुलाला खुर्चीत बसवलं नाही. आधी तिच्याकडे वळले आणि हसायला लागले, ओठ ओढून, नेहमीसारखे, पण ते हसणं काही धड जमेना. "ताई, आधी सांगतो. हे काळं..."

"ठावं हाय मला काय हुतं ते. तुमी बसा हितं."

त्या शाळेतल्या पोरांच्या बुटक्या खुर्चीकडे ती बोट दाखवत होती. सर माझ्याकडे बघायला लागले. मी खुर्ची पुढे सरकवली. ते बसले. गुडघे हनुवटीला लागले.

"ती सळई द्या," मंदा मला म्हणाली. मी ट्रेमधला स्वच्छ प्रोब तिच्या हातात दिला. माझ्या डिग्रीला हे शोभणारं नव्हतं, पण मी दिला.

"आ करा."

सरांनी तोंड उघडलं. मंदानं ओठ बोटानं वर केला, वाकली, आणि ऊस तोडून घट्टे पडलेल्या हातानं त्या काळ्या डागावर इतक्या हलकेच टोक टेकवलं की मला तसं जमलं नसतं. सरांनी डोळे मिटले. पडवीतली लेकरं खुर्चीभोवती गोळा झाली.

टक्.

तिनं मान तिरकी करून पुन्हा एकदा वाजवलं. मग प्रोब पदरानं पुसून माझ्या हातात दिला, मुलाचा गाल धरलेला हात बाजूला केला आणि त्याला पुढे ढकललं.

"टनक हाय," ती म्हणाली. "आता ह्येची काळी करा."

सरांनी डोळे उघडले नाहीत. तोंड मिटायचंही त्यांना सुचलं नव्हतं.